लाल फडक्यातला डबा

१

चांद्र नववर्ष जवळ आलं, की त्या किनाऱ्यावरच्या गावात सगळ्यांना एकदम साफसफाईचं वेड लागतं. वर्षभर ज्या गादीवर सुखाने घोरले, तीच गादी आता डोळ्यांत सलायला लागते. मग काय, गाद्या, फुटकी बेसिनं, पाडलेल्या भिंतींचा राडारोडा, जो तो गाडीत भरतो आणि समुद्राच्या बांधामागच्या कचरा डेपोकडे निघतो. फाटकाबाहेर रांग लागते आणि फाटकावरचे लो काका येईल त्याच्यावर खेकसतात.

"विटा डावीकडे! लाकूड उजवीकडे! एकत्र ओतलंत तर तुमच्याच दारात परत आणून टाकीन!"

त्या सकाळी उत्तरेचा वारा नुसता अंगात शिरत होता. आभाळ काळवंडलेलं होतं. लो काकांना लाकडाच्या ढिगात एक कपाट दिसलं. कापूरलाकडाचं, जुनं, घडवलेलं. दार मात्र खिळे मारून बंद केलेलं. असलं कपाट बुलडोझरखाली घालायचं म्हणजे पापच की! काकांनी पहार आणली आणि दार उचकटलं. आधी कापराचा वास आला. मागून दुसरा वास आला. काका होते तिथेच मातीत बसले.

आत, रजईत गुंडाळलेली, गुडघे छातीशी घेतलेली याओ आमा होती. आमा म्हणजे आजी. सगळं गाव तिला आमाच म्हणायचं.

फौजदार वेंग ली-चू तिथे पोचली तेव्हा काका अजून खालीच बसलेले होते. वेंग पन्नाशीला आलेली, जिभेने तिखट, पण काकांचा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला.

"काका, कपाट आणलं कुणी?"

"खांग गवंड्याच्या गाडीतून आलं, वेंगबाई. काल. विटांखाली अर्धं गाडलेलं होतं. मीच शिव्या घालून वेगळं काढायला लावलं. नाहीतर कालच मातीचा थर पडला असता वर." त्यांनी नाक पुसलं. "रोज भांडायचो हो मी हिच्याशी. डेपो वाढवायचाय, शेजारच्या सगळ्यांनी जमिनी दिल्या, हिचं मासळीचं तळं तेवढं राहिलंय. म्हणायची, माझ्या माशांवर तुमची घाण पडू देणार नाही. आता बघा कुठे पडली बिचारी."

आमाच्या डोक्याची मागची बाजू फुटलेली होती. वेंगने त्या राडारोड्यावर माती टाकायची नाही म्हणून बजावलं आणि वळली, तर रांगेतून एक बाई पुढे आली. याओंची शेजारीण, च्येन मावशी.

"सुनेला विचारा ना," ती म्हणाली. "त्या व्हिएतनामवालीला. काल घर सोडून पळाली होती ती."

२

खांग गवंड्याने दोन्ही हात जोडले. "मला काय माहीत हो बाई! मोठा मुलगा आला, वेन-थांग. म्हणाला, आई म्हणतेय मागची न्हाणी पाड, नव्या वर्षाच्या आत नवी बांधू. कपाट अंगणातच ठेवलेलं होतं. दार का ठोकलंय विचारलं, तर म्हणाला, भावजयीने ठोकलंय, उघडतं म्हणून."

"आणि भावजय? न्हुंग?"

"तिचं काही विचारू नका. मी पहिला घाव घातला आणि ती पांढरीफटक पडली. 'नका पाडू, नका पाडू' करत आली. वेन-थांग म्हणाला, आईचा हुकूम आहे. तशी चपलासुद्धा न घालता पळाली. अंधार पडेपर्यंत देवळात बसली होती म्हणे."

वेंगला हे मुळीच आवडलं नाही. न्हाणी पाडताना कुणी का घाबरावं? आत काय सापडणार होतं?

च्येन मावशी तर आपल्या घरात बोलायला टपलेलीच होती. "त्या दोघींचं पटत नव्हतं हो. भिंतीला भिंत आमची, सगळं ऐकू येतं. आमा ओरडायची, 'ठेव ती कात्री! खाली ठेव म्हणते ना!' अंगावर काटा यायचा माझ्या. कात्री घेऊन धावायची असेल ती आमाच्या अंगावर, दुसरं काय! आणि गेल्या पौर्णिमेला तर आमा स्वतः हे घेऊन आली."

तिने पलंगाखालून पत्र्याचा एक डबा ओढला. लाल फडक्यात घट्ट बांधलेला.

"कात्र्याबित्र्या आहेत आत. म्हणाली, तुझ्याकडे ठेव, मी मागेपर्यंत देऊ नकोस, आणि कुणाला बोलू नकोस. हात कापत होते तिचे. जिवाला घाबरली होती, बाई! मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

मावशीला खरोखर रडू आलं. वेंगने डबा तसाच गाडीत टाकला.

३

वेन-थांगचं विजेच्या सामानाचं दुकान चौकात होतं. शटर अर्धं ओढलेलं. वेंगला बघताच त्याने चहा ठेवला, आणि ओतता ओतता त्याला हुंदका फुटला. चहा टेबलावर सांडला.

"परवा संध्याकाळी भेटलो मी तिला, मॅडम. शेवटचा. खुशीत होती आई. म्हणाली, न्हाणी गळून गळून कंटाळा आला, उद्याच माणूस लाव. स्वतः पलंगाखालून हातोडी काढून दिली मला. म्हणाली, आधी आतल्या खोलीतला तो गंजका आकडा उपट. आकडा काढला, हातोडी तिला परत दिली आणि घरी आलो. बायकोला विचारा."

"न्हुंग तेव्हा घरात होती?"

"समोरच बसली होती. सगळं ऐकत होती. सकाळी गेलो तर म्हणाली, आई देवदर्शनाच्या बसने गेली. मी विश्वास ठेवला. का ठेवणार नाही?" त्याने डोळे पुसले. "धाकटा दोन महिन्यांपूर्वी जहाजावर गेला. मागे परक्या मुलखातली बाई आणि एकटी म्हातारी. मी आईला म्हणत होतो, माझ्याकडे ये राहायला. ऐकलं नाही."

"तळ्याचं काय? ते तुम्हाला द्यायचं होतं ना डेपोला?"

"द्यायचं होतं की. लपवायचं काय त्यात! पण आईपुढे तळं मोठं आहे का, मॅडम?"

बरोबरच बोलत होता बिचारा. वेंगने चहा पिऊन टाकला आणि उठली. गाडीत बसते न बसते तोच ठाण्याचे मुख्य, फांग साहेब, यांचा फोन आला. शहरातून मोठे अधिकारी निघाले होते. न्हुंगला ठाण्यात आणून बसवलं होतं; दुपार टळायच्या आत तिला त्यांच्या ताब्यात द्यायचं होतं.

"त्याआधी कबुली घ्या," साहेब म्हणाले. "परदेशी बाई, नवरा जहाजावर, एकदा तिकडे नेलं की कुणी विचारायला जायचं नाही. आपलं काम सोपं आहे."

वेंगने फोन बंद केला आणि गाडी याओंच्या घराकडे वळवली.

४

याओंच्या घराच्या मागे आता नुसतं भगदाड होतं. त्यातून वारा आत शिरायचा आणि सगळ्या घरातून हुंकारत फिरायचा. मधल्या खोलीत देवाजवळ आमाच्या नवऱ्याची तसबीर खुर्चीत बसवून ठेवली होती. वर भिंतीत खिळ्याचं भोक होतं, खिळा नव्हता.

आतल्या खोलीत न्हुंगचा पलंग. छपरातलं पाणी बरोबर पलंगाच्या पायथ्याशी गळत होतं आणि तिथे, पलंगावरच, एक पातेलं ठेवलेलं होतं. वेंग बघतच राहिली. अहो, पलंग हातभर सरकवला असता तर काम झालं असतं! रजई फाटलेली होती, तर तिला टाके घालायचे सोडून औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावलेली.

आळशी सून म्हणावी, तर जमीन लख्ख पुसलेली. स्वयंपाकघरात भांडी आरशासारखी घासलेली आणि ओट्यावर मांस तोडायचा भला मोठा सुरा धार लावून ठेवलेला.

त्या सुऱ्यापाशी वेंग थबकली. जिवाला घाबरलेली बाई कात्र्या शेजारी लपवते आणि हा सुरा सुनेच्या हाताशी ठेवते?

हे घर तिच्याशी काहीतरी बोलत होतं आणि तिला कळत नव्हतं. तिची तिला चीड आली. आणि वेळ तर भराभर चालला होता.

५

ठाण्यात न्हुंग भिंतीशी बसली होती. लहानखुरी, ओठ फुटलेले, दोन दिवस धड जेवलेली नसावी. समोरची भाताची पेज गार झाली होती.

"न्हुंग, परवा संध्याकाळी कुठे होतीस?"

"लसणाच्या वखारीत, ताई. निवडायला. घरी आले तर मोठे दीर होते दारात. म्हणाले, आईला बसमध्ये बसवून आलो. देवाला गेली."

"तो म्हणतो, तू घरात होतीस. समोर बसली होतीस."

"नाही."

"न्हाणी पाडायला लागले तेव्हा पळालीस का?"

न्हुंगने पेजेचं भांडं बाजूला सरकवलं.

"कात्रीवरून काय भांडण होतं तुमचं?"

"भांडण नाही. आई चांगली होती." तिचा आवाज फुटला. "माझी आई लांब. हीच आई होती मला."

"मग बोल ना बाई! थोड्या वेळात शहरातले लोक येतील. ते माझ्यासारखं बसून विचारणार नाहीत तुला. नेलं तर मला काही करता येणार नाही."

"आईनी सांगितलंय, बोलायचं नाही. कुणाला म्हणजे कुणालाच नाही."

"ती मेलीय, न्हुंग!"

"म्हणून तर," न्हुंग म्हणाली, आणि तोंड मिटून घेतलं.

वेंगने कपाळावर हात मारला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतल्या जाड्या कारकुनाला काय सुचलं कोण जाणे. नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं होतं, ते टांगायला म्हणून त्याने न्हुंगच्या पाठीमागच्याच भिंतीत खिळा ठोकायला घेतला. पहिला ठोका पडला मात्र, न्हुंग किंचाळून उठली. खुर्ची आडवी झाली. ती दाराकडे धावली.

"पळतेय! धरा!" दोन शिपाई तिच्या अंगावर गेले.

वेंगने पाहिलं ते तिचे हात. पळणारा माणूस हात पुढे करतो, दार ढकलतो, लोकांना ढकलतो. न्हुंगने शिपायांना ढकललं नाही. तिचे दोन्ही हात पोटावर होते.

"सोडा तिला!" वेंग ओरडली. "आणि ए जाड्या, ठेव ती हातोडी! खाली ठेव म्हणते ना!"

स्वतःचंच ओरडणं तिच्या कानावर पडलं आणि ती जागच्या जागी थिजली. हेच शब्द. च्येन मावशीने भिंतीपलीकडून हेच शब्द ऐकले होते. हा भांडणाचा आवाज नव्हताच. काळजाचा थरकाप उडालेलं माणूस असं ओरडतं.

वेंगच्या पहिल्या गरोदरपणात तिच्या आईने असंच केलं होतं. पोटात मूल असलं की गर्भाचा देव घरातच कुठेतरी वस्तीला असतो. आज दारात, उद्या पलंगाखाली, परवा न्हाणीच्या भिंतीत. कुठे खिळा बसेल, कुठे सुई टोचेल आणि त्याला लागेल, काही सांगता येत नाही. म्हणून घरात ठोकायचं नाही, शिवायचं नाही, कात्री चालवायची नाही, पलंग हलवायचा नाही. आणि तीन महिने भरेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही, नाहीतर मूल टिकत नाही. वेंगने त्या वेळी आईची थट्टा केली होती. मैत्रिणींना सांगत सुटली होती. तिचं ते मूल टिकलं नव्हतं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ते तिला आजवर पूर्ण पटलेलं नव्हतं.

ती न्हुंगजवळ खाली बसली. "आधी एकदा गेलंय का तुझं?" तिने अगदी हळू विचारलं.

न्हुंगने होकाराची मान हलवली. मग घाईघाईने म्हणाली, "मी काही बोलले नाही. ताई, मी काहीसुद्धा बोलले नाही हं!"

६

वेन-थांगला ठाण्यात बोलावलं तेव्हा तो काळे कपडे घालूनच आला. टेबलावर लाल फडक्यातला डबा होता.

"परत एकदा सांगा," वेंग म्हणाली. "आई खुशीत होती."

"हो."

"न्हाणी पाड म्हणाली. न्हुंगच्या देखत. आणि हातोडी तिने स्वतः दिली."

"स्वतःच्या हाताने, मॅडम. किती वेळा सांगू?"

वेंगने फडकं सोडलं. कात्र्या, सुयांची डबी, चपला शिवायची आरी, खिळ्यांची पुडी. तळाशी, दांडा घासून गुळगुळीत झालेली हातोडी.

"हा डबा पौर्णिमेपासून शेजारी आहे."

वेन-थांगने हातोडीकडे बघितलं. "मग घरात दुसरी असेल एखादी."

"असेल की. दहा असतील. हातोडीचं सोडा. तुमच्या वडिलांची तसबीर खुर्चीत का बसवलीय?"

"पडली असेल..."

"पडली. परत टांगली नाही. छप्पर पलंगावर गळतं, पण पलंग सरकवला नाही. रजई फाटली, तर चिकटपट्टी लावली. वेन-थांग, तुमची आई घरात सुई राहू देत नव्हती. ती बाई म्हणेल, उद्या भिंत पाडा?"

त्याचे डोळे हळूहळू खोलीच्या काचेपलीकडे गेले. पलीकडे न्हुंग बसली होती. त्याचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला.

"तिला...?"

"हो."

"मला कुणी सांगितलं नाही." तो पुटपुटला. "मी थोरला आहे. मला कुणीच सांगितलं नाही."

"तीन महिने भरले नव्हते. घरातल्या दोघींनाच ठाऊक होतं." वेंगचा आवाज कडक झाला. "न्हुंगला खोटं रचायचं असतं तर तिने काहीही रचलं असतं. पण आईने पाडायला सांगितलं, हे तिच्या जिभेवर कधी आलं नसतं. भिंतीवर घाव पडला तशी ती अनवाणी पळाली, ती पोटातल्या जिवासाठी. तिने कपाटाला खिळे ठोकले म्हणता? ती हातोडीला हात लावणार नाही. आईच्या नावावर हे खोटं खपेल असं वाटायला एकच गोष्ट लागते, घरात मूल येतंय हे माहीत नसणं. खांगलाही माहीत नव्हतं. पण त्याला आईचा हुकूम सांगितला तुम्ही, हे तुम्हीच दोनदा सांगितलंय. न्हाणीच्या फरशा डेपोवर वेगळ्या काढल्यात. सांध्यांतून रक्त निघालंय. आणि तुमच्या दुकानातली हातोडी आणायला माणूस गेलाय."

बाहेर वारा खिडकी हलवत होता. वेन-थांग बोलला तेव्हा वेंगशी बोलतोय असं वाटत नव्हतं.

"नुसता अंगठा मागत होतो मी. तळ्याच्या कागदावर. दर वेळी नाही म्हणायची, पण परवा म्हणाली, आता तर मुळीच देणार नाही. मी म्हटलं, आता म्हणजे काय? आत्ताच काय झालं? तर सांगेना. नुसती हसायला लागली. मला वाटलं, मला हसतेय. ढकललं मी तिला. न्हाणीतल्या हौदाच्या काठावर..." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ती कुणासाठी ठेवत होती तळं? सांगायचं ना मला! मी काय खाल्लं असतं का मुलाला?"

वेंगला त्याची कीव आली नाही. तिने डबा परत लाल फडक्यात बांधला.

७

शहरातले अधिकारी आले आणि वेन-थांगला घेऊन गेले. वेंग न्हुंगकडे आली, तिला वाटलं आता ही रडेल, हात धरेल.

न्हुंगने तिच्याकडे रागाने बघितलं. "तुम्ही बोललात. सगळ्यांसमोर बोललात."

"न्हुंग, नाहीतर तुला नेलं असतं गं."

"नेऊ द्यायचं होतं! थोडेच दिवस राहिले होते. मी तिथे गप्प बसले असते. मग सांगितलं असतं." तिने पोटावर हात ठेवला. "आता ह्याला काही झालं तर तुम्ही देणार का परत?"

इतक्या वर्षांत वेंगला कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "देता येणार नाही. मी चुकले असेन. पण तुला तिकडे एकटी जाऊ द्यायला माझं मन झालं नाही."

दोघी तशाच बसल्या होत्या, तेवढ्यात जहाज कंपनीच्या माणसाने न्हुंगच्या नवऱ्याला फोन जोडून दिला. वेन-पिन. कुठल्या समुद्रावर होता कोण जाणे, मध्ये खरखर आणि थांबून थांबून येणारा आवाज. आईचं आणि भावाचं वेंगने सांगितलं, तिनेच सांगायचं होतं. पलीकडे एक पुरुष मोठमोठ्याने रडायला लागला.

न्हुंगने फोन ओढून घेतला.

"वेन-पिन. मी आहे."

"नको मला काही आता," तो म्हणत होता. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. "आई नाही, दादा नाही. कुणासाठी येऊ? तूही जा तुझ्या आईकडे. मी नाही येत परत. इथेच कुठेतरी..."

"असं बोलू नको."

"कोण आहे तिथे माझं? सांग ना! कोण राहिलंय?"

न्हुंगने डोळे मिटले. तिने एकदा वेंगकडे बघितलं, मग पाठ फिरवली, फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणालातरी ते आपणहून सांगितलं.

"तुझं मूल आहे," ती म्हणाली. "माझ्या पोटात आहे. तू घरी ये."